मांडीवरचं सूत

धागा पुन्हा तुटला. रीताने धाग्याकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं.

तळवा राखेने पांढरा झालेला. बोटं जागच्या जागी, स्थिर. करंगळी मात्र किंचित हलल्यासारखी वाटली. श्वास रोखून ती करंगळीकडे बघत राहिली. करंगळी हलली नाही. मग इतका वेळ श्वास कोंडल्यामुळे सगळं अंगच थरथरलं आणि त्यात करंगळीही थरथरली, तेव्हा त्यावरून काय समजायचं ते तिला कळेना.

"हाताले काय पाह्यते वं घडीघडी?" समोर बसलेली वच्छलामावशी म्हणाली. "धागा कुठी तुटला थे पाह्य. हात काई पळून नाई जात."

"घाम येतो हाताला."

"पुसाच्या महिन्यात घाम? मंग राख लाव आनखी. मांडीले बी लाव."

आरमोरीपासून आत, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या या ढिवरांच्या गावात रीता लहानपणी दर दिवाळीला यायची. आईचं हे माहेर. गावातले पुरुष नदी-तलावात मासोळी धरायचे आणि हंगामात जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे, टसर रेशमाचे, किडे पाळायचे. बायका घरी कोसे उकडून त्यांचं सूत काढायच्या. आई लग्नानंतर भद्रावतीला आली, तरी पोत्याने कोसे मागवून वर्षानुवर्षं सूत काढत राहिली. रीताने मात्र त्याला कधी हात लावला नव्हता. ती शाळा शिकली, कॉलेज शिकली आणि भद्रावतीच्याच एका कॉलेजात ग्रंथपाल झाली. पुढे लग्नही गावातच झालं आणि दोन गल्ल्यांपलीकडे तिचा संसार सुरू झाला.

श्रावणात आई गेली. आता रजा काढून रीता मावशीकडे आली होती. "आईचं काम शिकायचंय," असं तिने फोनवर सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्यामागे आणखी एक कारण होतं, ते तिने नवऱ्यालाही, सुरेंद्रलाही, सांगितलं नव्हतं.

आईला कापरं झालं होतं. पन्नाशी उलटायच्या आत उजव्या अंगठ्यापासून सुरुवात झाली. मग हात, मग चाल, मग गिळणं. त्याआधी आईच्या वडिलांना, मुखरूआजोबांना, तेच झालं होतं. तेव्हा गावाने ठरवून टाकलं होतं की मुखरू मोहाची पितो. आजोबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी आईची फाईल बंद करताना चष्म्यावरून रीताकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन पिढ्यांत झालंय, आणि दोघांनाही लवकरच्या वयात. तुम्ही एकदा दाखवून जा. घाई नाही, पण जा."

त्यातलं 'घाई नाही' तेवढं तिने लक्षात ठेवलं.

हाती येईल ते वाचणारी बाई ती. छापील कागदात बांधून आलेली भजी खाताना कागदही वाचायची. पण या आजाराचं नाव तिने कधी कुठे शोधलं नाही. ग्रंथालयात वैद्यकाच्या कपाटात एक जाड पुस्तक होतं. ते कुणी मागितलं, तर ती स्वतः उठायची नाही, शिपायाला काढून द्यायला सांगायची. हात कापतो का, हे मात्र ती रोज बघायची. चहाचा कप धरून बघायची, सुईत दोरा ओवून बघायची. कपाने आणि सुईने तिचं समाधान होईना. मग आईच्या सुताची आठवण झाली. कोशाचा तार नजरेला दिसेल न दिसेल इतका बारीक. असे चार-पाच तार एकत्र धरून मांडीवर तळव्याने वळायचे. हात जरा जरी कापला, तर सुतात लगेच गाठ येणार, आणि ती गाठ लपवता येणार नाही. म्हणून ती आली होती.

एका गोष्टीचा तिने विचार केला नव्हता. शिकाऊ माणसाचं सूत गाठाळच असतं.

"घे, पुन्हा लाव," मावशी म्हणाली.

दोघींच्या मधे परात होती, रीताच्या गुडघ्याला लागूनच. तिच्यात उकडलेले कोसे तपकिरी पाण्यात पडलेले, लहान बोरांएवढे नाही, चांगले कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढे. एकेक कोसा उचलून वरची लव काढून टाकायची, मग आतून एकच एक तार सुटून येतो. तो सापडला की कोसा परातीत ठेवून दुसरा घ्यायचा. पाच कोशांचे पाच तार हाती आले की ते डाव्या मांडीवर ठेवून उजव्या तळव्याने पुढे वळायचं, की सूत होतं. झालेलं सूत डाव्या हाताने लाकडी फाळक्यावर गुंडाळत जायचं. मावशीच्या मांडीवर हे असं चालायचं जसं पाणी उतारावरून जातं. रीताच्या मांडीवर तारांचा गुंता होई, मधेच एक तार संपलेला तिच्या लक्षात येत नसे, सूत तिथे बारीक पडे, आणि नवा तार घाईने जोडला की तिथे दाण्यासारखी गाठ.

आणि प्रत्येक गाठीपाशी ती थांबे. ही गाठ काम येत नाही म्हणून आली, की त्या दुसऱ्या कशामुळे?

"मावशी, आईचं सुरुवातीचं सूत कसं होतं गं?"

"तुझ्यावानीच. घोरपडीच्या पाठीसारखं."

"आणि तुझं?"

"मी हुशार होतो," मावशी म्हणाली. इकडच्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना 'होतो, जातो' म्हणायची, आणि रीताच्या आईला, थोरल्या बहिणीला, 'बाई'. "माझं पयल्या दिवसापासून झकास. पन बाबा बाईचीच तारीफ करे. मोठी लेक ना."

इस्तारीमावसा जाळं खांद्यावर टाकून बाहेर निघाले होते, ते दारात थांबले. "खोटं बोलून राह्यली थे. हिच्या पयल्या सुतानं मी शेळी बांधली होती."

"जा तुम्ही, मासोळ्या वाट पाहून राह्यल्या," मावशीने त्यांना वाटेला लावलं.

रीता हसली. खूप दिवसांनी हसताना चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी वाटली. मावशी तिच्याकडे बघत होती. आल्यापासून मावशीचं हे चाललं होतं. शिकवताना शिकवणाऱ्याने हाताकडे बघावं, तर ही तोंडाकडे बघायची. आईसारखी दिसते म्हणून बघत असेल, असं रीताने धरलं होतं.

"काई होऊन राह्यलं का तुले?" मावशीने विचारलं.

"काय होणार?"

"नाई, असंच. मळमळ, डोकंदुखी. नव्या मानसाले होते."

"मला काही होत नाही."

"अच्छा," मावशी म्हणाली, आणि खाली मान घालून आपलं सूत वळू लागली.

मधे काही दिवस गेले. रीता सकाळी अंगणात ऊन आलं की बसायची, ते मांडीची कातडी लाल होईपर्यंत. मावशी फार तारीफ करायची, जरा जास्तच. साध्या वीतभर सुताला "वा वा" म्हणायची. रीताला ते खुपायचं. आजारी माणसाशी लोक असं बोलतात, हे तिला आईच्या वेळी कळलं होतं.

मग एका दुपारी काय झालं कोण जाणे, हात लागला. तार संपायच्या आधीच बोटांना कळू लागलं की आता संपतोय. नवा तार नुसता टेकवला, तळवा फिरवला, आणि तो आपला आपण सुतात गेला. फाळका फिरत राहिला. रीताने मोजलं नाही, बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने थांबून फाळक्यावरचं सूत उन्हाकडे धरलं. मधासारख्या रंगाचं, एकसारखं. एकदा, दोनदा, तीनदा तिने त्यावर नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही.

तिला रडू आलं. ते तिने गिळलं. हात कापत नव्हता. कापत असता तर हे झालं नसतं. नागपूरला जायची गरज नव्हती. उद्याच्या गाडीने घरी जावं, सुरेंद्रला सगळं सांगावं, भीती संपल्यावर सांगायला सोपं जातं.

"मावशी, बघ."

मावशीने सूत बोटांत धरून पाहिलं. "बाईचंच सूत हाये हे," ती हळू म्हणाली. तिच्या आवाजात आनंद असायला हवा होता. तो नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारची सोमारी सोडा मागायला आली होती. कोसे उकडताना पाण्यात सोडा घालावा लागतो, तिचा संपला होता. पण ती फाटकातच थबकली आणि तिने पदर नाकाला लावला.

"अव माय. काय सडवून ठेवलं वं वच्छलाबाई? रस्त्यापर्यंत येऊन राह्यलं."

"तुले काय पाह्यजे थे बोल."

"सोडा पाह्यजे. पन हे कवाचे कोसे होय? आतला किडा पार कुजला यायच्यातला." ती रीताकडे वळली. "तुम्ही कशा बसल्या वं बाई याच्यापाशी? माई सून पयल्या दिवशी भडभडा ओकली होती, अन् थे तं ताजे कोसे होते."

"सवय झाली," रीता म्हणाली. पाहुण्याने म्हणावं तसं, सहज.

मावशी झपाट्याने उठली, घरातून कागदात सोडा आणून सोमारीच्या हातावर ठेवला आणि तिला जवळजवळ लोटलंच. सोमारी जाताना पुटपुटत गेली, पाहुणीले जरा बरे कोसे देत नाई म्हणून.

अंगण शांत झालं. रीताने आपलेच शब्द पुन्हा मनात म्हणून पाहिले. सवय झाली. कशाची?

ती परातीवर वाकली. नाक पाण्याच्या अगदी जवळ नेलं. पाण्यावर तेलकट तवंग होता, कोशांचा रंग काळपट पडला होता. तिने खोल श्वास घेतला. नाकाला गारवा लागला. पुन्हा घेतला. गारवा. बाकी काही नव्हतं.

"मावशी, कसला वास येतोय?"

मावशी दारातच उभी राहिली होती. ती येऊन बसली, पण तिने सूत हाती घेतलं नाही.

"मावशी."

"सडल्या मासोळीचा," मावशी म्हणाली. "त्याच्याहून खराब. मी मुद्दाम जुने उकडलेले ठेवले. रोज त्याच पान्यात."

"मुद्दाम?"

"तू सूत पाह्यत होती ना हात कापते का म्हनून? मले समजत होतं. तुले सांगू का, बाईचा हात कामात कधीच नाई कापला. रिकामा ठेवला का कापे. मांडीवर आला का चूप. शेवटचं सूत बी असंच होतं तिचं, तू आज काढलं तसं."

रीताने हातातला फाळका नकळत खाली ठेवला. मग हात रिकामा राहिला म्हणून तिने तो पटकन दुसऱ्या हातात धरला.

"सुतातून काई नाई समजत," मावशी म्हणाली. "आधी नाक जाते. बाईचं कापऱ्याच्या लई आधी गेलं. मासोळी जळून कोळसा झाली चुलीवर, अन् हे बाजूले बसून सूत काढून राह्यली. आम्ही लई हासलो. बाबाचं बी तेच. जल्म गेला मासोळी इकण्यात, अन् एका बाजारात सडलेली टोपली घेऊन बसले. लोकाईनं शिव्या देल्ल्या, बेवडा म्हनलं. बाबा घरी येऊन मले म्हने, वच्छला, तू पाह्य वं, खरंच वास येते का? तवा मी लहान होतो. मले वाटलं बाबा मजाक करून राह्यले."

"मी आले त्या दिवशीच तुला कळलं."

"पयल्याच घडीले. तू परात जवळ ओढली."

"आणि तू बोलली नाहीस."

"काय बोलू? मले वाटलं सर्दी असन. उद्या वास येईन. मंग परवा."

रीता उठली. पाय बधिर झाले होते, भिंतीचा आधार घेत ती स्वयंपाकघरात गेली. कांदा हाती लागला, तो तिने ठेचला. डोळ्यांत पाणी आलं, नाकात काही आलं नाही. शिंक्यावरच्या टोपलीतली सुकी मासोळी काढून बोटांनी चुरली. अगरबत्तीचा पुडा फाडला. मोहफुलांचं मडकं उघडून त्यात तोंडच घातलं. सगळीकडे तोच रिकामा गारवा. काल जेवताना तिने जवसाच्या चटणीची तारीफ केली होती. कशाची केली होती? तिखटाची, मिठाची.

ती मडक्याच्या काठाला धरून उभी राहिली. इतके दिवस तिने दारावर डोळे लावून ठेवले होते, आणि आलेलं माणूस मागच्या अंगणातून कधीच घरात येऊन बसलं होतं, तसं तिला झालं.

मग एक गोष्ट आठवली आणि ती बुडत्याने काडी धरावी तशी नव्हे, हक्काने धरली. ती बाहेर आली.

"मावशी, मला करोना झाला होता. दुसऱ्या लाटेत. आम्हा दोघांचाही वास गेला होता."

मावशीचा चेहरा उजळला. "मंग त्याचंच असन. किती लोकाईचा गेला. आमच्या सरपंचाचा नाई आला अजून."

"असेल."

"असनच. मंग परत नव्हता आला का?"

परत आला होता? एका सकाळी सुरेंद्र स्वयंपाकघरात ओरडला होता, "रीता, चहाचा वास आला!" तो लहान मुलासारखा खूश झाला होता. ती म्हणाली होती, "मलाही." असं म्हटल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. चहाचा वास काही केल्या आठवत नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मंग समजन कसं? करोनाचं का त्याचं?"

"डॉक्टरला दाखवल्यावर."

मावशीने परात उचलली आणि कुंपणापाशी नेऊन उपडी केली. कावळे लगेच उतरले. ती हात धुऊन आली, पण हात धुऊन झाल्यावर तिने ते नाकाशी नेलेले रीताने पाहिले. क्षणभरच. मग पदराला पुसले.

"मावशी, तू पण बघतेस."

"काय?"

"वास येतो का ते."

मावशी उंबऱ्यावर बसली. एरवी बोलताना तिचे हात चालायचे, आता ते तिने मांडीखाली दाबून धरले होते. "रोज सकाळी," ती म्हणाली. "कोसे उकडतो त्या गंजाचं झाकन काढतो अन् पयले वास घेतो. तुझ्या मावसाले सांगतो, पानी पाह्यतो म्हनून."

"आणि येतो?"

"येते."

"मग झालं तर."

"काय झालं? जल्मल्यापासून हाच वास घेऊन राह्यलो मी, रीता. आता नाकाले येते का मले आठवते, थे समजत नाई. आज सोमारीनं पदर लावला. मी लावला असता का? सांग मले."

इतके दिवस ही बाई आपल्या तोंडाकडे का बघत होती, ते रीताला आत्ता कुठे कळलं. ती रीताला बघत होती ते खरं, पण वास खरंच आहे की नाही हेही दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून बघत होती. आणि दुसरं माणूस नेमकं रीता होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं.

कावळ्यांचा कालवा चालला होता. रीताने फोन काढला. नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर आईच्या वेळेपासून त्यात तसाच होता. घराच्या कोपऱ्यावर, जिथे रेंज येते, तिथे ती जाऊन उभी राहिली. मावशी मागोमाग आली, थोड्या अंतरावर थांबली, जणू फोनमधून काही अंगावर उडेल.

"पेशंटचं नाव?" पलीकडून मुलीने विचारलं.

रीताने सांगितलं. वय सांगितलं.

"त्रास काय होतो?"

"वास येत नाही," रीता म्हणाली. मोठ्याने म्हटल्यावर ते वाक्य फारच साधं वाटलं.

"मॅडम, त्याला नाक-कान-घशाचे डॉक्टर लागतील. आमचे मेंदूचे आहेत."

"माहीत आहे. माझी आई त्यांच्याकडे होती." तिने आईचं नाव सांगितलं. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला.

"बरं," मुलगी वेगळ्या आवाजात म्हणाली. "पुढच्या मंगळवारी या. सोबत कुणाला तरी आणा."

"सोबत मावशी येईल. तिलाही दाखवायचंय. तिचंही नाव लिहा."

मावशीने दोन्ही हातांनी नको नको केलं. मागे सरली, भिंतीला टेकली. रीताने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिली. आग्रह करायला तिच्यात बळ नव्हतं. पलीकडची मुलगी दोनदा हॅलो म्हणाली.

मग मावशीने हात पुढे केला. "आन. मी सांगतो."

तिने फोन तोंडासमोर आडवा धरला आणि नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात नाव सांगितलं, "वच्छला इस्तारी मेश्राम." वय विचारल्यावर म्हणाली, "बाईपेक्षा लहान. लिवा अंदाजे."

"आणि त्रास काय होतो, मावशी?"

"त्रास काई नाई," मावशी म्हणाली. "भेव लागते."

"काय होतं? नीट ऐकू नाही आलं."

"भेव," मावशी पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्याने. "भेव लागते, माय. तेच लिवा."